रोज तोंड उघडून

दवाखान्याच्या बाकावर एका शिंपीणबाईंच्या शेजारी बसलेल्या बहिणीवर डॉक्टरांकडून आलेला भाऊ तडकला.

“वाळूमाशी चावून होणारा काळा आजार निघाला, ताई! हाडातला मगज तपासला तेव्हा सापडला.”

“अरे, रक्ताच्या तपासणीत काहीच नव्हतं! म्हणून तर डॉक्टर म्हणाले, हा एचआयव्हीच्या गोळ्या चुकवतो, त्याचाच ताप.”

“ती तपासणी जंतू बघत नाही, अंगानं केलेला प्रतिकार बघते. एचआयव्हीनं माझ्यात प्रतिकारच ठेवला नाही. मग दिसणार काय, डोंबल?”

“आणि हे त्यांना आत्ता कळलं? थांब, चांगला जाब विचारते!”

“खुशाल विचार. पण आज गोळी दिल्यावर, गिळली का ते बघायला मला ‘आ कर’ म्हणू नकोस.”

उठलेली ताई खाली बसली.