कापसाच्या काट्यावर

जनाबाई : नाही येत तो बाहेर. तुम्ही डाएटवाल्या म्याडम, नागपूरहून सावनेरले आल्या, लय झालं. पाणी घ्या अन् जा, बाई.

काजल : काकू, हेमराज नेमानं यायचे. एकदम का थांबले? फोनही उचलत नाहीत.

जनाबाई : काहून ते मले विचारता? तुम्हीच तं फोनवर म्हटलं, कुठंही वजन करा अन् सांगा.

काजल : हो. आमचा काटा दीडशेच्या वर दाखवत नाही, म्हणून...

जनाबाई : अन् आमच्या इथं एवढा मोठा काटा कुठं असते? जिनिंगमध्ये, कापसाचा. याचे बाबा तिथं घेऊन गेले. गाड्याईची लाइन लागली होती. लेकरू काट्यावर चढलं, तं एक हमाल ओरडला, "बोला, काय भाव लावू?" सारे हासले. तवापासून या अंगणातल्या खोलीत कडी लावून बसला हाये. ताट जसंच्या तसं वापस येते.

काजल : हे माझ्या डोक्यातच आलं नाही, काकू.

जनाबाई : एवढं शिकून?

काजल : लठ्ठपणाबद्दल शिकले. झोप, औषधं, घराण्याची ठेवण, अंग कशाकशानं वाढतं ते सगळं. वर्गात पहिली आले. पण माणसाला काट्यावर कुठं उभं करायचं, याचा विचार केला नाही. लाज वाटते मला.

(दाराआड कुणीतरी खाकरतं.)

काजल : हेमराज, ऐकताय ना? चूक माझी आहे, तुमची नाही.

हेमराज : किती भरलं, सांगू?

काजल : नको.

हेमराज : वजनाबिगर इलाज होते का?

काजल : सुरू तरी करता येतो. झोप कशी लागते, चालताना दम किती लागतो, तेवढं सांगा. वजन लागलंच तर बंद खोलीत करू. बाहेरचं कुणी नसेल.

हेमराज : तुमच्या खुर्च्याईले हात हायेत, म्याडम.

काजल : हो, आहेत.

हेमराज : तुम्ही दर टाइम मले "बसा" म्हणे. मी म्हणे, "बसमध्ये बसूनच आलो."

काजल : मला वाटायचं, तुम्हाला घाई असते.

हेमराज : अडकलो असतो त्यात. तुमच्यासमोर.

काजल : ...उद्याच एक बाक आणवते.

हेमराज : माय.

जनाबाई : काय गा?

हेमराज : म्याडमले कवाचं उन्हात उभं ठेवलं वं तू? थांब, कडी काढतो.