टॉवेल कोरडा निघाला तर

नाही हो काकू, भांडायला नाही आले — टॉवेल भिजला म्हणून कोण भांडतं, भिजायलाच असतो तो — मला फक्त एवढंच सांगा, आज तुम्ही गॅलरीतल्या या कुंड्यांना, आमच्या दोरीच्या बरोबर वरच्या, पाणी किती वाजता घातलंत? साडेपाचला? नक्की? कारण रात्रभर मी जागी, की टॉवेल ओला निघाला तर काय, कोरडा निघाला तर काय — आणि निघाला चिंब, शेजारची दोरी मात्र खडखडीत. हसू नका. बरं, हसा.

त्याचं असं — हॉस्पिटलच्या लॅबमधून बोलावणं आलंय. माझी जुनीच जागा, मायक्रोस्कोप, रक्ताच्या काचपट्ट्या, आठ ते चार. अकराच्या आत फोन करून हो की नाही सांगायचं, नाहीतर जागा दुसरीला. किती वाजले? दहा वीस! देवा. घरात विचारावं, तर नवरा म्हणतो, तू प्रार्थना करून ठरव, मी मध्ये पडत नाही — किती सोयीचं ना? सासूबाई म्हणतात, प्रभूला विचार — आणि तोंडावरून कळतं की प्रभूने त्यांना आधीच सांगून ठेवलंय. चर्चमधले पाळकसाहेब म्हणाले, उत्तर मिळतं, पण गप्प बसून ऐकावं लागतं. बसले! उपास केला, रोज सकाळी डोळे मिटून बसले, तर मनात काय — या बबडीची नखं कापायची राहिलीत. चारही बाजूंनी दारं लावून घेतल्यासारखं झालंय काकू, आणि प्रत्येक दारामागे कुणीतरी माझ्यासाठी प्रार्थना करतंय.

म्हणून खूण मागितली. बायबलात नाही का, फार पूर्वी एकाने रात्री खळ्यावर लोकर ठेवून देवाला खूण मागितली होती; माझ्याकडे लोकर कुठली, मी टॉवेल टांगला. कोरडा निघाला तर नोकरी, ओला निघाला तर घर. आज सासूबाईंनी सगळ्यांसमोर पिळून दाखवला — मिळालं उत्तर! आणि आता तुम्ही म्हणता साडेपाच. मग तुमची झारी प्रभूने हलवली, की तुम्हीच? तुम्ही लेकीकडून काल परत आलात ना, म्हणूनच आधीचे दोन दिवस —

कुठले दोन दिवस? कुठले नाहीत.

बरं, होते. दोनदा कोरडा निघाला, लख्ख कोरडा, आणि मी कुणाला बोलले नाही. म्हटलं, देव इतक्या सहज हो कसा म्हणेल? मला हवं तेच म्हणतोय, म्हणजे माझंच मन बोलत असणार. परत टांगला. लॅबमध्ये हवा तो आकडा येईपर्यंत नमुना पुन्हा पुन्हा तपासणाऱ्या मुलीला मी झापलं असतं — आणि मी तर नको तो आकडा येईपर्यंत तपासत बसले!

हवं, असं नव्हतं हो म्हणायचं मला. मला हवंय असं कुठे म्हटलं मी? मला काहीच नको, फक्त त्याची इच्छा — बबडी, झारीला हात नको. चला, निघतो आम्ही, तुमची कामं खोळंबली. सासूबाईंना काही बोलू नका हं. बबडी, तूही नाही. काय म्हणजे काय? टॉवेलचं. कोरडा होता ते.

"पण आई, कोरडा होता तेव्हा तू मला उचलून गोल गोल फिरवलंस. आज का नाही फिरवलंस?"