फोनवरची शांतता

सुलभाकाकू, आणि स्प्रिंग मंडळातले सगळे काका-काकू,

मला चारचौघांत बोलायची सवय नाही. नाव पुकारलं तेव्हा मी मानेनेच नको म्हटलं होतं. पण प्रभूकाका आत्ता माझ्याबद्दल जे बोलले, त्यानंतर गप्प बसणं बरोबर नाही.

ते म्हणाले, "ही आपल्या परबांची डॉक्टरीण. ते गेल्याची बातमी ऐकली आणि फोनवर हिला शब्द फुटेना, एवढी रडली."

मी डॉक्टर नाही. मी प्रयोगशाळेत रक्तातल्या पेशी तपासते. आणि मी रडले नव्हते.

ज्यांच्या हृदयात स्प्रिंग बसवली आहे, त्यांना व्हायरल ताप येऊन गेला की रोगाशी लढणाऱ्या पेशींचं काय होतं, हे आम्ही बघतो. त्यासाठी मुलुंडच्या या हॉलमध्ये, त्या कोपऱ्यात टेबल मांडून मी तुमचं रक्त घ्यायचे. पहिल्या दिवशी कुणी पुढे येईना. तेव्हा आपले परब, वामनकाका, शर्टाची बाही वर करत येऊन बसले. "अरे, डास पितात ते विचारून पितात? ही पोर विचारतेय तरी. द्या!" मग रांग लागली.

त्यानंतर दर वेळी तेच पहिले. "इलंस काय गो? उंदीर हजर आसा." मी हसायचे नाही. हसायला हवं होतं.

एकदा त्यांनी खोदून विचारलं, म्हणून सांगितलं. ताप उतरतो, पण काहींच्या त्या पेशी लवकर शांत होत नाहीत. चिडलेल्याच राहतात.

"म्हणजे विसर्जन झालं, तरी पोरं मांडवात ढोल बडवतायत?"

"साधारण तसंच, काका."

"आणि झोप कोणाची मोडते?"

"शेजाऱ्याची. म्हणजे हृदयाची असावी."

"असावी!" काका तुमच्याकडे वळून म्हणाले होते. "बाईसाहेब मेल्या तरी 'आहे' म्हणायच्या नाहीत." तुम्ही सगळे हसलात. आठवतंय ना?

आज मी 'असावी' म्हणणार नाही.

सुलभाकाकूंचा फोन आला. "अगं, हे गेले." ते ऐकून मला पहिल्यांदा काय सुचलं? त्यांचा शेवटचा नमुना राहिला. पुढच्या आठवड्यात घ्यायचा होता. माणूस गेला, आणि मला रिकामी नळी दिसली. मग त्याची लाज वाटली, आणि त्या लाजेने तोंड उघडेना. काकू, तुम्हाला वाटलं मी रडतेय. तुम्हीच मला समजावलंत. "रडू नको गं बाय. जेवलीस का?" काकांचा देह तेव्हा तुमच्या आतल्या खोलीत होता. आणि मी म्हणाले, "हो."

एवढंच असतं, तर मी ते माझ्यापाशी ठेवलं असतं. पण अस्थी विसर्जन करून आल्यावर काकूंनी मला बोलावलं. "हाडं समुद्रात गेली. रक्त तेवढं कशाला मागे? मला परत दे." त्यांचा हक्क होता. मी हो म्हणणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "नाही तर राहू दे. तू रडलीस त्यांच्यासाठी. तुझ्याकडे राहिलं तर चालेल."

मी मान डोलावली. चहा पिऊन घरी आले.

समोरच्याला खरं माहीत असेल, तरच त्याचा होकार हा होकार. हे मी याच टेबलावर तुम्हा प्रत्येकाला समजावलं आहे. काकू, तुमचा होकार मी खोट्यावर घेतला. तो परत करते. एकांतात सांगणार होते. पण त्या रडण्याची गोष्ट आज सगळ्यांसमोर निघाली, म्हणून हेही सगळ्यांसमोर.

आणखी एक गोष्ट मी बोलले नव्हते. काकांच्या पेशी गोठवलेल्या आहेत, मेलेल्या नाहीत. ऊब दिली की त्यांतल्या बऱ्याच जाग्या होतात. हे ऐकून तुम्हाला त्या ठेवाव्याशा वाटतील, की आजच संपवाव्याशा, मला माहीत नाही. तुम्ही सांगेपर्यंत मी त्यांना हात लावणार नाही. नको म्हणालात, तर नको. मंडळातल्या कुणालाही आता माघार घ्यायची असेल, तर त्यांनाही तेच.

वामनकाका, तुम्ही दर वेळी विचारायचात, "माझी पोरं गेली काय गो घरी?" एकाच माणसाच्या रक्तावरून असं सांगता येत नाही. मी तेच उत्तर द्यायचे, आणि तुम्ही म्हणायचात, "झालं, सरकारी उत्तर." त्याची मला लाज नाही. लाज त्या फोनची आहे. त्या दिवशी मी गप्प राहिले, ते तुमच्यासाठी नव्हतं.

आता सगळ्यांनी उभं राहूया. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे, त्यांनी बसूनच. दोन मिनिटं कुणी काही बोलायचं नाही.

काका, ही शांतता तुमची.