आमचं समद्यांचं नाव बाळू

तुम्हाला हसायचंय ना, मग ऐका. वलवण गावात पर्यटकांना बंगले भाड्यानं देणाऱ्यांसाठी मी बुकिंगची वेबसाइट केली. पासवर्ड कुणाच्याच लक्षात राहीना, म्हणून फोनमधल्या ईमेल खात्यानंच लॉगिन ठेवलं. मध्ये मिडलवेअर बसवलं, म्हणजे दारावरचा वॉचमनच: ज्याचं खातं, त्याला त्याचीच बुकिंगं दाखवायची.

पहिल्या दिवशी सगळे बंगलेवाले सुमनमावशींच्या ओट्यावर जमले. मावशींनी बटण दाबलं. स्क्रीनवर आलं, 'नमस्कार, बाळू!'

"आरं, मी बाळू कवापास्नं?"

शेजारून आबा म्हणाले, "माज्यातबी बाळूच आलाय."

बाळूचं गावात मोबाइलचं दुकान. गिऱ्हाइकाला त्रास नको म्हणून हा भला माणूस प्रत्येक नवा फोन स्वतःच्याच खात्यावर चालू करून देतो! सगळ्यांनी भरलेली बुकिंगं त्या एकाच खात्यात जाऊन बसली आणि प्रत्येकाला सगळ्यांचीच दिसू लागली. माझ्या वॉचमनचा पार पोपट झाला.

तेवढ्यात मावशी ओरडल्या, "आबा, तुमचा शनिवार मोकळा दिसतोय की! माज्याकडं जागा न्हाई, पावनं तुमच्याकडं धाडते."

मी घाईनं म्हटलं, "थांबा, प्रत्येकाला वेगळं खातं काढून देतो."

आबा उखडलेच. "काय बी गरज न्हाई. आमाला बाळूच ऱ्हाऊ दे!"