सरकारजमा

वैजनाथ : आई, पुन्हा एकदा नीट सांग. ठाण्यातल्या सायबानं काय इचारलं अन् तू काय म्हनलीस?

द्वारकाबाई : कितींदा सांगू रे? आल्यापासून तेच इचारून राहिला. हातपाय धू, चार घास खा.

वैजनाथ : खातो. आधी सांग.

द्वारकाबाई : सायेब म्हनला, मावशी, बंदूक नुसती ठेवायला आनली का सरकारजमा करायची? म्या म्हनलं, सरकारजमाच करायची बाबा. सही कर म्हनला, केली. चहा बी पाजला त्येनं. चांगल्या घरचं लेकरू दिसलं.

वैजनाथ : सरकारजमा. सोताच्या तोंडानं म्हनलीस?

द्वारकाबाई : मंग काय तोंड उसनं आनू? तुजे दादा दर इलेक्शनला हेच तर म्हनायचे. "ऐकलं का, बंदूक सरकारात जमा करून येतो." मतदान झालं की घेऊन यायचे. आवंदा मालकच न्हाईत. तू हळद घेऊन वसमतला गेल्ता. भीमराज सांगत आला, बंदूक ठाण्यात द्या म्हून. म्या म्हनलं, जिल्हा परिषदेचं लागलं असंल, आपुनच जावं. उगं कायद्यात खोट नको.

वैजनाथ : आई, 'ठेवायला' म्हनायचं होतं.

द्वारकाबाई : ठेवली काय अन् जमा केली काय, एकच की. मतदान तर कवाच होऊन गेलं. तू आज तिकडंच गेल्ता ना? काहून आनली न्हाईस?

वैजनाथ : देत न्हाईत.

द्वारकाबाई : काहून?

वैजनाथ : इलेक्शनचं नव्हतंच ते. दादा गेले, लायसन त्यांच्या नावावर. माझ्या नावावर होईस्तोवर ती ठाण्यात नुसती ठेवायची होती, भीमराजभाऊ तेच सांगायला आल्ता. सरकारजमा म्हंजी वारसाला नको, सरकारला देऊन टाकली. कायमची.

द्वारकाबाई : म्या कवा म्हनलं नको म्हून?

वैजनाथ : त्या शब्दाचा अर्थच तो हाय, आई.

द्वारकाबाई : मंग जा, सांग त्येंना. म्हातारीला समजलं न्हाई म्हनावं. येडी हाय म्हनावं. मला काई राग न्हाई.

वैजनाथ : सांगितलं. हिंगोलीला कलेक्टर हापिसात बी जाऊन आलो. तिथला सायेब म्हनला, सही तुमच्या आईची, हुकूम निघालाय, माझ्या हातात काई न्हाई. आता ती तोडायला जाईल.

द्वारकाबाई : तोडायला?

वैजनाथ : अशा सगळ्या एकदाच गोळा करतात. नळ्या कापायच्या, लोखंड वितळवायचं.

द्वारकाबाई : अन् लाकूड?

वैजनाथ : कसलं लाकूड?

द्वारकाबाई : मागचं. खांद्याला लावायचं.

वैजनाथ : जाळत असतील. मला काय ठावं? लाकडाचं काय घेऊन बसलीस?

द्वारकाबाई : तू कवा नीट बघितलंच न्हाईस ते. त्येला एका जागी गुळगुळीत खळगा पडलाय. आधी माज्या सासऱ्यानं गाल टेकवला, मंग तुज्या दादानं. शिकार तर तुज्या जन्माच्या आधीच सुटली. तरी सांच्याला गोधडीतून काढायचे, पुसायचे, नेम धरल्यावानी गाल टेकवून बसायचे. म्या इचारायचे, काय मारून राहिले? म्हनायचे, काई न्हाई, उगंच.

वैजनाथ : मी तर रानडुकरांपायी अर्ज केल्ता. हळदीत लई घुसून राहिलेत म्हून.

द्वारकाबाई : त्येंचे कपडे देऊन टाकले. खाट भाएर काढली. फोटू हाय भिंतीवर, पर फोटूला वास न्हाई. त्या लाकडाला खोबरेल अन् तंबाखूचा वास होता. घरात कोनी नसलं की म्या बी गाल लावायचे. आता सांगून टाकते, लाज कसली. दैव देतं अन् कर्म नेतं, ते असं.

वैजनाथ : आई, रडू नको.

(दारात मोटारसायकल थांबते. गावचा पोलीस पाटील भीमराज पायरीशी येऊन उभा राहतो. म्हातारीला ठाण्यात त्यानेच नेलं होतं, आणि तेव्हापासून बिचाऱ्याला अन्न गोड लागत नाही.)

द्वारकाबाई : ये भीमराज. काय म्हनला सायेब? देतो म्हनला?

भीमराज : नाही, काकू. पुन्हा बोलून पाहिलं. चूक माझी आहे. मी गाडी सावलीला लावत बसलो. आत असतो तर तो शब्द तुमच्या तोंडून निघू दिला नसता.

वैजनाथ : तुमची कशी, भाऊ? वरीसभर अर्ज मीच ढकलत राहिलो. आज करू, उद्या करू म्हनत लई उशिरा केला.

द्वारकाबाई : वाटून घेऊ नका रे. म्याच नेली, म्याच म्हनलं. बंदूक मांडीवर घेऊन गाडीवर बसले तर सारं गाव हसून राहिलं होतं, अन् मला आपला मान वाटला. भीमराज, बंदूक नको आमाला. नुसतं लाकूड मागून बघ. लाकडानं कोन मरतं?

भीमराज : नाही मिळणार, काकू. कायद्याला लाकूड वेगळं दिसत नाही. सगळी मिळून एक बंदूक.

द्वारकाबाई : बघू तर देतील?

भीमराज : ते विचारलंय. परवा न्यायला गाडी येणार आहे. उद्या या म्हणाले.

द्वारकाबाई : हात लावू देतील का?

भीमराज : हात नाही. जाळीच्या बाहेरून, लांबूनच.

वैजनाथ : असलं बघून काय करायचं, आई? उगं जिवाला घोर.

भीमराज : आमच्या आबानं पण ती लांबूनच पाहिली, काकू. तुमच्या सासऱ्यांसाठी जन्मभर हाकारे घातले त्यानं, रानभर ओरडून डुकरं त्यांच्या नेमासमोर आणून दिली. पण बंदुकीला शिवायचं नाही, असा दंडक होता. घरी आला की काठी खांद्याला लावून आम्हाला दाखवायचा, अशी धरतात म्हणून. त्या दिवशी गाडीवर बसायच्या आधी तुम्ही गोधडीसकट माझ्या हातात दिलीत. आबा असता तर त्याला सांगितलं असतं, लई जड असते रे.

द्वारकाबाई : जडच हाय ती.

वैजनाथ : आई, मंग जायचं का न्हाई?

द्वारकाबाई : भीमराज, सकाळी गाडी घेऊन ये. लांबून तर लांबून.