जेठ्याचं घर

रिबेका : नाही हेमकांतभाऊ, प्रोग्राम पुसून नवीन टाकायचा नाही. प्रोग्रामबरोबर माहितीही गेली तर दिवलीबाई काय घेऊन जातील?

हेमकांत : माहिती कशी जाई? प्रोग्राम मीच बनाडेल शे ना.

रिबेका : मागच्या वेळीही तुम्ही असंच म्हणालात. नंतर तीन गावं मी पुन्हा टाइप केली.

हेमकांत : ते जाऊ दे. प्रिंटर बदलून पाहिला?

रिबेका : पाहिला. शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा उचलून आणला, तरी तेच. संस्थेचं पत्र छापतो, हजेरी छापतो. लसीची यादी म्हटली की पडद्यावर ते चाक फिरतं, फिरतच राहतं आणि प्रोग्राम आपोआप बंद. सकाळपासून अकरा वेळा झालं.

दिवलीबाई : भाऊ, मी दिवलीबाई बोलते. नर्मदेकाठच्या पाड्यांवर मी असते, संस्थेची आरोग्यसेविका. फोन स्पीकरवर आहे, ऐकू येतं का?

हेमकांत : येतं बाई, बोला. मी कळसाडीहून बोलतो, घरूनच.

दिवलीबाई : माझी जीप इथून, धडगावहून, एक वाजता सुटते. पुढे नदीतून नाव. नाव माझ्यासाठी थांबत नाही.

हेमकांत : रिबेकाताई, वाजले किती?

रिबेका : सव्वाअकरा.

हेमकांत : मग एक दिवस हातानं लिहिलेली यादी न्या. वही असेलच ना तुमच्याकडे?

दिवलीबाई : होती. नावेतून उतरताना पिशवी पाण्यात पडली. वही काढली, सुकवली, पण शाई सगळी पसरली. आता जे आहे ते रिबेकाच्या यंत्रात.

हेमकांत : अन् पडद्यावरून मोबाइलमध्ये फोटो काढले तर?

रिबेका : यांना पाच दिवस पाड्यापाड्यानं चालत फिरायचंय. फोन दुसऱ्या दिवशी मरतो. आणि सोबतची नर्स नवी आहे, तिला कागदावर खूण करून सही लागते.

दिवलीबाई : मला पोरं सगळी माहीत आहेत. कोणाची आई कोण, कोण रडतं, सुई पाहिली की कोण डोंगरात पळतं. पण कोणाला पहिली सुई कोणत्या तारखेला दिली, एवढ्या तारखा डोक्यात राहत नाहीत. तारीख नसली तर नर्स दुसरी सुई देत नाही. तिचं बरोबर आहे.

हेमकांत : पुढच्या फेरीला दिली तर नाही चालणार?

दिवलीबाई : पलीकडच्या काठावर गोवर आला आहे, भाऊ.

हेमकांत : …बरं. ताई, आता मी सांगतो तसं कर. आधी यादी…

रिबेका : एक मिनिट भाऊ, मी काय केलंय ते आधी ऐका. सगळी यादी एकदम छापली की बंद पडतं ना? म्हणून मी एकेक पाडा छापला. चौदा पाडे. तेरा आले, एकावर बंद पडलं.

हेमकांत : हं.

रिबेका : त्या पाड्याची एकोणीस घरं. पहिली नऊ छापली, आली. उरली दहा. त्यातली पाच छापली, आली. मग तीन, मग एक. पाठकोऱ्या कागदांवर छापली, नवे कागद वाया घालवले नाहीत. आता एकच घर उरलंय. ते एकटं छापायला लावलं तरी बंद पडतं. आणि ते सोडून बाकी सगळं छापून माझ्या टेबलावर ठेवलंय.

हेमकांत : हाई तुले कोणी शिकाडं?

रिबेका : कोणी नाही. आमच्याकडे नवापूरला डोंगरावरून पाइपनं पाणी आणलंय. पाणी यायचं थांबलं की बाबा सगळा पाइप उकरत नाहीत. मधला जोड उघडतात. तिथं पाणी असलं तर बिघाड खालच्या अर्ध्यात, नसलं तर वरच्या अर्ध्यात. मग त्याच्या मधला जोड.

हेमकांत : ताई, आम्हाला कॉलेजात हेच शिकवायला एक सर पुण्याहून यायचे. दोन तास शिकवायचे, तरी अर्ध्या वर्गाला कळायचं नाही. तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग. आणि मी तुला प्रोग्राम पुसायला सांगत होतो.

रिबेका : सांगते. आता या घराचं काय करायचं?

हेमकांत : उघड बरं ते. आते काय दखास?

रिबेका : घरप्रमुख जेठ्या. खाली माणसं. एक, दोन… भाऊ, ही तर खाली खालीच चाललीत. थांबा, शेवटी आकडा आहे. अडुसष्ट.

हेमकांत : अडुसष्ट पाड्यात?

रिबेका : घरात.

हेमकांत : सापडलं मग. नोंद चुकेल शे. एका घरात अडुसष्ट माणसं कशी राहतील? दिवलीबाई, झोपड्या किती तिथं?

दिवलीबाई : अकरा.

हेमकांत : मग अकरा घरं करू. तुम्ही सांगा कोण कुठल्या घरातलं, ताई टाइप करेल. अर्ध्या तासात होतं काम.

दिवलीबाई : मी सांगेन, पण ते खोटं होईल.

हेमकांत : खोटं कसं? राहतात ना ते अकरा झोपड्यांत?

दिवलीबाई : झोपतात. भाऊ, पाड्यातली आमची ही अकरा घरं आधी खाली होती, आता जिथं धरणाचं पाणी आहे तिथं. पाणी चढायला लागलं तेव्हा सगळ्यांनी घरं उकलली. सागाचे खांब, वासे, कवाडं, सगळं डोंगरावर वाहून आणलं. चार दिवस. जो रिकामा तो उचलायचा, माझं तुझं कोणी बघितलं नाही. वर आणून ठेवलं तर ढीग एकच झाला. कोणाचा खांब कोणता, कोणी ओळखेना. मग जेठ्या म्हणाला, भांडू नका, हे एकच घर आहे, अकरा ठिकाणी उभं करू.

हेमकांत : मग?

दिवलीबाई : मग केलं. पाडूच्या झोपडीत खात्र्याच्या बापाचा खांब असेल, कोणाला माहीत. मी फॉर्म घेऊन फिरले, विचारलं, घर कोणाचं? अकराही दारांत एकच उत्तर, जेठ्याचं. मी तेच लिहिलं. उद्या नर्स कागदावरून विचारेल, पाडूचं घर कोणतं, तर पाडू स्वतःच हो म्हणणार नाही. मग त्याचं पोर सापडणार कसं?

रिबेका : मग भाऊ, नोंद बदलायची की नाही?

हेमकांत : नोंद बरोबर शे, ताई. चुकी मन्ही शे.

रिबेका : म्हणजे?

हेमकांत : प्रोग्राम बनवताना मी एक खूण ठेवली होती, एक घर दोन पानांत तोडायचं नाही. जागा कमी पडली तर पुढचं पान घ्यायचं. मला वाटलं, नीटनेटकं दिसेल. आता अडुसष्ट माणसं कोणत्याच पानात मावत नाहीत. बिचारा प्रोग्राम नवं पान घेतो, मोजतो, मावत नाही, पुन्हा नवं पान घेतो. शेवटी दमून बंद पडतो. मी घर म्हटलं की पाच-सहा माणसं धरली. आमच्या तापीकाठी तेवढीच असतात.

रिबेका : खूण काढायची कुठून ते सांगा. मला सव्वाबारापर्यंत यादी हवी.

हेमकांत : रिपोर्टच्या नावावर उजवं बटण दाब. रचना असं लिहेल शे, तठे जा. वर गटाची पट्टी दिसेल, तिच्यावर दोनदा दाब. 'एकत्र ठेवा' अशी ओळ शे का?

रिबेका : आहे. समोर बरोबरची खूण.

हेमकांत : काढ. सेव्ह कर. आता जेठ्याचं घर छाप.

(प्रिंटरचा आवाज.)

रिबेका : आलं. तीन पानं. पहिल्यावर तीस, दुसऱ्यावर तीस, तिसऱ्यावर आठ.

दिवलीबाई : दे इकडे. सुमी… पहिली सुई, तारीख आहे. रेवजी आहे. ही जुळी आहेत. ही पाडूची लहानी, हिची तारीख मला अजिबात आठवत नव्हती. सगळी आहेत, भाऊ.

हेमकांत : बाई, एक सांगू? माले लाज वाटी ऱ्हायनी, अन् बरं बी वाटी ऱ्हायनं. इतकी वर्षं प्रोग्राम लिहितो, पण इतकी खरी नोंद माझ्या कुठल्याच प्रोग्राममध्ये कोणी भरली नव्हती.

दिवलीबाई : मी विचारलं, त्यांनी सांगितलं. रिबेका, पिना मार. प्लॅस्टिकची पिशवी दे, दोन दे. निघते मी.

रिबेका : सांभाळून जा.

हेमकांत : …गेल्या?

रिबेका : गेल्या. यादी पिशवीत, पिशवी पोलक्यात. जीपजवळ पोचल्यावर परत फिरल्या. दारातून विचारलं, त्या भाऊच्या घरी किती माणसं?

हेमकांत : काय सांगितलंस?

रिबेका : म्हटलं, दोघं. ते आणि त्यांची आई.

हेमकांत : बराबर शे. मी अन् मन्ही माय, भिकुबाई.

रिबेका : ऐकून म्हणाल्या, त्यांना सांग, आमच्या तिसऱ्या पानावर जागा आहे.