तीनवर ठेवलेली खोली

पाचवर? सगळे नॉब पाचवर? — थांब, आधी मला हसू दे, मग बूट काढतो. अरे अभिराम, हा काय पंख्याचा रेग्युलेटर आहे, पाचवर टाकला की जोरात चालेल? तुझा मेसेज आला ना मंडळाच्या ग्रुपवर, ‘वरची खोली तापत नाही, गुरुवारी आई येतेय, कोणाला कळतं का यातलं’ — तेव्हाच म्हटलं बायकोला, हा पुण्याहून नवा आलेला दिसतोय, सगळं पाचवर करून बसला असणार. दर हिवाळ्यात एक तरी सापडतोच असा. आणि काका म्हणू नकोस मला. नीळकंठ म्हण, इथे काका-बिका चालत नाही.

हे बघ, वाक जरा. ह्या रेडिएटरमधून गरम पाणी फिरतं, त्याने खोली तापते. त्याच्या कडेला हा नॉब, त्यावर आकडे. हे आकडे म्हणजे जोर नाही की वेग नाही. हा नॉब खोलीतली हवा किती गरम आहे ते ओळखतो, बस. तीन म्हणजे साधारण वीस डिग्री. खोली वीसला आली की हा आपोआप पाणी बंद करणार, गार पडली की पुन्हा सोडणार. पाचवर ठेवलंस म्हणून खोली लवकर तापत नाही, नुसती भट्टी होईपर्यंत पाणी वाहत राहतं. यात न कळण्यासारखं काय आहे? — काय? हात लावला तर गार लागतो? अरे, लागणारच! खोली तापली की तो गारच पडणार, तेच तर त्याचं काम. तवा आहे का तो, तापलाय का बघायला? आमच्या आईला हीच खोड. आली होती ना इथे, मुद्दाम डिसेंबरात आणली होती, म्हटलं बर्फ बघेल — तर जेव्हा बघावं तेव्हा आपला रेडिएटरवर पालथा हात. पोराला ताप आहे का बघतात ना कपाळाला हात लावून, तसा. ‘नीळू, हे गार पडलंय रे.’ मी सांगायचो, आई, तीनवर आहे, तीन म्हणजे वीस, विषय संपला. अरे, मी ज्या मशीनवर काम करतो ना, तिथे डिग्रीच्या हजाराव्या भागाने तापमान हललं तरी चालत नाही. आणि ही मला सांगणार, गार आहे म्हणून!

हो, वरच्याच खोलीत होती. तर मी कामावर गेलो की ही नॉब पाचवर करायची. मी आलो की तीनवर. पुन्हा पाचवर. शेवटी ह्या आणल्या — ह्या बघ, खिट्ट्या, तुझ्यासाठीही आणल्यात — नॉबच्या खाचेत बसवल्या की तीनच्या पुढे फिरतच नाही तो. कितीही जोर लाव. सत्तरीची बाई, दोन्ही हातांनी पिळत बसलेली बघितलीय मी. हसूच आलं मला. म्हटलं, आई, लोणच्याची बरणी नाहीये ती. तुझ्या आईच्या खोलीतही बसवून देतो, काळजी करू नकोस. जुनी माणसं नुसतं सांगून ऐकत नाहीत.

— छे, कसली राहतेय तीन महिने. महिन्याभरातच तिकीट बदलायला लावलं. स्वेटरवर स्वेटर, त्यावर माझं जुनं जॅकेट, कानाला मफलर — आणि हे सगळं झोपताना हां! नाटकं नुसती. खाली हॉलमध्ये मी हाफ शर्टवर बसलेलो असायचो. लाकडाची शेगडी आहे ना आमच्याकडे, काचेच्या दाराची, मी स्वतः निवडून आणलेली. घरी आलो की पहिल्यांदा ती पेटवतो. म्हटलं, ये ना इथे, बस शेकत. तर धुराने खोकला येतो म्हणे. चालली वर, जपमाळ घेऊन. आता फोनवर कितीदा म्हटलं ये, तर म्हणते, ‘नको रे बाबा, तुझ्या घरात फार गारठा.’ माझ्या घरात! सगळ्या नातेवाइकांत हेच सांगत सुटलीय. लाज वाटते ऐकताना. चल, तुझी वरची खोली दाखव.

हं. गार आहे खरी. पाचवर, आणि गार... नॉबवर पडदा नाही, टॉवेल नाही. पाइप बघू — पाइपसुद्धा गार. म्हणजे खालून गरम पाणीच येत नाहीये. थर्मोस्टॅट कुठे आहे तुझा? हॉलमध्ये ना? चल खाली.

अरे देवा! हा देव्हारा इथे कोणी मांडला? चारुताने? तुझ्या बायकोला आणि तुला मिळून अख्ख्या घरात हीच भिंत सापडली, बरोबर थर्मोस्टॅटखाली? त्यात समई, आणि चोवीस तास नंदादीप! इंजिनियर ना रे तू? अरे शहाण्या, सगळ्या घराचा बॉयलर ह्या एका डबीचं ऐकतो. दिव्याची ऊब हिला लागते, हिला वाटतं घर तापलं, की ही बॉयलर बंद करते. बॉयलर बंद म्हणजे वर गरम पाणी नाही. मग वरचा नॉब तीनवर ठेव, पाचवर ठेव, नाहीतर उपटून फेकून दे — पाणीच गार, तर तो बिचारा काय करेल? खाली तुम्ही दोघं मजेत बसाल, वर तुझी आई कुडकुडत पडेल, आणि तू वर तिलाच सांगशील, नॉब तर चालू आहे. अक्कल नको का माणसाला? जिथे ही डबी, तिथे ऊब देणारं दुसरं काहीही ठेवायचं नसतं. दिवा नाही, हीटर नाही, शेग—

काय?

— हो. आमचाही हॉलमध्येच आहे. — शेगडीच्या समोरच्या भिंतीवर. लांब आहे तसा. — संध्याकाळीच पेटवतो. सुट्टी असली की सकाळपासून. — नाही. वरच्या रेडिएटरला मी कशाला लावू हात? सांगितलं ना तुला, हात लावून बघायचं नसतं ते.

बघतोस काय असा? देव्हारा त्या भिंतीला सरकव, झालं तुझं काम. — नको, चहा नको. त्या खिट्ट्या दे इकडे. नाही बसवायच्या. आणि वरचा नॉब पाचवर आहे ना? असू दे. आई आली की फिरवेल तिला हवा तसा. माझे बूट कुठे गेले? — अरे, नको म्हटलं ना चहा. दार लाव तू, गारठा आत येतोय.